उच्च इंपीडन्सचे हेडफोन आणि लॅपटॉप : वऱ्हाडातील भाषा प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. येथील मराठी विभागांना वऱ्हाडी बोली हा अभ्यासविषय अगदी उंबरठ्यावर उपलब्ध आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद झाली, ती लेखी नमुन्यांच्या आधारे. आजचा विद्यार्थी खेड्यात जाऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रण करतो व लॅपटॉपपुढे बसून ते लिहून काढतो. प्रमाण मराठीतील ‘डोळा’, ‘काळा’ हे शब्द वऱ्हाडीत ‘डोया’, ‘काया’ असे होतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु एखाद्या निवेदकाने नेमक्या त्या ठिकाणी ‘ळ’ उच्चारला की ‘य’, की दोहोंच्या मधले काही, हा निर्णय ऐकणाऱ्याच्या कानावर व त्या कानावर बसलेल्या हेडफोनवर अवलंबून असतो. म्हणून चांगल्या हेडफोनची मागणी होते. असे अनेक हेडफोन २५०, ३०० किंवा ६०० ओहम इंपीडन्सचे असतात आणि ‘यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल’ असे विक्रेता सांगतो. वीस विद्यार्थ्यांसाठी वीस अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे विभागाच्या अंदाजपत्रकातील मोठा आकडा. त्याच पैशात क्षेत्रकार्यासाठी चांगले रेकॉर्डर घेता येतात. अ‍ॅम्प्लिफायरची ही गरज खरी किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्होल्टेज आणि आवाज

इंपीडन्स म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतधारेला होणारा एकूण विरोध. तो जास्त असला म्हणजे हेडफोन ‘जड’ आहे, त्याला चालवायला ‘ताकद’ लागते, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती काहीशी उलट आहे. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले इंपीडन्स. एक व्होल्ट दिल्यास ३२ ओहमचा हेडफोन सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती घेतो, ३०० ओहमचा केवळ ३.३ मिलिवॅट. म्हणजे उच्च इंपीडन्सचा हेडफोन लॅपटॉपकडून विद्युतधारा फारच कमी मागतो. त्याला हवे असते ते व्होल्टेज, आणि लॅपटॉपची मर्यादा नेमकी तेथे आहे. साध्या रचनेत ध्वनिचिपला ३.३ व्होल्टचा पुरवठा मिळत असेल, तर तरंगाला तळापासून शिखरापर्यंत तेवढीच झेप घेता येते. त्याचे आर.एम.एस. मूल्य १.१७ व्होल्टच्या पुढे जात नाही. म्हणूनच सर्वसाधारण लॅपटॉपच्या हेडफोन-छिद्रातून एक व्होल्टच्या आसपास मिळते, असे धरून चालावे.

या एका व्होल्टात आवाज किती निघेल, हे हेडफोनची संवेदनशीलता ठरवते. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. त्याच इंपीडन्सचा एचडी ६५० मात्र १०३ डेसिबल देतो. दोहोंवर ओहमचा आकडा एकच, आवाजात सहा डेसिबलचा फरक. केवळ ओहम पाहून अ‍ॅम्प्लिफायरची गरज ठरवणे का चुकीचे आहे, हे यावरून स्पष्ट होते. बायरडायनॅमिकच्या ६०० ओहमच्या डीटी ८८० ची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ६०० ओहममध्ये एक मिलिवॅट खर्ची पडण्यास ०.७७५ व्होल्ट लागतात. (जुन्या टेलिफोन तारांच्या गणितातून आलेला हा आकडा ध्वनितंत्रज्ञांच्या मोजपट्टीत आजही टिकून आहे.) एका व्होल्टला तो सुमारे ९८ डेसिबल देईल.

९८ डेसिबल हा आवाज कमी नव्हे. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही प्रौढांसाठीची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. परंतु ९८ हा आकडा ध्वनिमुद्रणाने आपली कमाल पातळी गाठली असेल तेव्हाचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न सुटतो किंवा अडतो तो या ठिकाणी.

ध्वनिमुद्रणाची पातळी

व्यावसायिक गाण्याची सरासरी पातळी कमाल पातळीच्या फारशी खाली नसते. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणाचे तसे नाही. ओसरीवर बसलेली आजी, चार हात दूर ठेवलेला मोबाईल आणि मध्येच ओरडणारा कोंबडा अशा मुद्रणात बोलण्याची सरासरी पातळी कमाल पातळीच्या ३५ डेसिबल खाली असणे अशक्य नाही. एचडी ६०० वर ते बोलणे ९७ उणे ३५, म्हणजे ६२ डेसिबलवर ऐकू येईल. समोरासमोरील संभाषण साधारण ६० डेसिबलचे असते. शांत खोलीत एवढे पुरते. पण अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा खोली शांत नसते, कूलर सुरू असतो. एचडी ६०० व डीटी ८८० हे बाहेरचा आवाज आत येऊ देणारे हेडफोन आहेत. ‘ळ’ आणि ‘य’ यांचा भेद मुख्यतः १००० ते ३००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो, आणि कूलरच्या सळसळीत तोच पट्टा झाकोळतो. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन घेणे, अथवा लेखनाचे काम सकाळी कूलर बंद ठेवून करणे, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी वाढवलेला आवाज शेवटी कानालाच भोवतो.

तरीही पातळी वाढवायची असल्यास ती आधी संगणकातच वाढवता येते. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत मूळ मुद्रणाची प्रत काढून तिची पातळी २० डेसिबलने उंचावली, तर ६२ चे ८२ डेसिबल होतात. त्यासोबत पार्श्वभूमीची खरखरही वाढते हे खरे, पण ती अ‍ॅम्प्लिफायर लावूनही तेवढीच वाढली असती. मुद्रणातील सर्वांत उंच शिखर कमाल पातळीच्या पलीकडे गेले तर तरंग कापला जातो, एवढी दक्षता घ्यावी.

येथे एक अडचण संभवते. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतील खंजिरी भजनाचे ध्वनिमुद्रण घ्या. खंजिरीचा ठोका क्षणभर कमाल पातळीला भिडतो आणि गायकाचा आवाज त्याच्या २० डेसिबल खाली राहतो. अशा मुद्रणाची पातळी संगणकात सरसकट वाढवता येत नाही, कारण ठोका आधीच छताला टेकलेला आहे. एका व्होल्टवर एचडी ६०० मधून गाणे ७७ डेसिबलवर ऐकू येईल, आणि अभ्यासासाठी ते पुरेसे आहे. मात्र ठोका व आवाज यांतील अंतर ३० डेसिबलपर्यंत गेले, तर शब्द धूसर होतील आणि तेथे अधिक व्होल्टेज देणारा अ‍ॅम्प्लिफायर खरोखर उपयोगी पडेल. एकाऐवजी तीन व्होल्ट मिळाल्यास साडेनऊ डेसिबलची भर पडते, म्हणजे कानाला आवाज जवळपास दुप्पट भासतो. काही लॅपटॉपांत ही सोय आतच असते. २०२१ च्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोपासून अ‍ॅपलने अशी रचना दिली की, जोडलेल्या हेडफोनचा इंपीडन्स १५० ते १००० ओहम आढळल्यास लॅपटॉप तीन व्होल्टपर्यंत देतो. त्याहून कमी असल्यास १.२५ व्होल्ट.

एक लॅपटॉप, वीस विद्यार्थी

उच्च इंपीडन्सचा एक गुण आपल्याकडे दुर्लक्षित राहिला आहे. भाषा प्रयोगशाळेत एकच ध्वनिमुद्रण सर्वांनी एकाच वेळी ऐकायचे असते. ३२ ओहमचे वीस हेडफोन समांतर जोडणीत एका लॅपटॉपला लावले, तर एकत्रित इंपीडन्स १.६ ओहम होतो. एवढी विद्युतधारा पुरवणे लॅपटॉपच्या आवाक्याबाहेर आहे. ६०० ओहमचे वीस हेडफोन समांतर जोडले तर मात्र एकत्रित इंपीडन्स ३० ओहम होतो. लॅपटॉपच्या दृष्टीने हा भार एका साध्या ३२ ओहमच्या हेडफोनएवढाच! प्रत्येक हेडफोनला जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळते. उच्च इंपीडन्सचे हेडफोन स्टुडिओमध्ये रुळले, त्यामागे अनेक हेडफोन एकाच यंत्राला जोडता येण्याची ही सोयही होती. त्याआधी गॅलेना स्फटिकाच्या रेडिओला सुमारे २००० ओहमचे हेडफोन लावत. त्यात बॅटरीही नसे, सारी शक्ती हवेतून येणाऱ्या लहरींचीच.

या जोडणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व हेडफोन एकाच प्रकारचे हवेत, अन्यथा कोणाला मोठे तर कोणाला बारीक ऐकू येईल. शिवाय आवाजाचे नियंत्रण एकाच ठिकाणी राहते. वर्गात श्रवणदोष असलेला विद्यार्थी असेल तर त्याला स्वतंत्र नियंत्रण मिळालेच पाहिजे, आणि तेवढ्यासाठी अनेक वाटांचा वितरण-अ‍ॅम्प्लिफायर घेणे योग्य ठरेल. त्याबाबत काटकसर करू नये.

मोजमाप

खरेदीचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी आपल्याच महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात अर्ध्या तासात करता येण्याजोगी एक चाचणी आहे. ऑडॅसिटीत १०० हर्ट्‌झचा कमाल पातळीचा स्वर तयार करावा. स्वस्त मल्टिमीटर उच्च वारंवारतेला चुकीचे वाचन देतात, म्हणून १०० हर्ट्‌झ. लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवून एका वाहिनीच्या टोकांवरील प्रत्यावर्ती व्होल्टेज मोजावे. मग त्याच टोकांवर ३३ ओहमचा रोधक लावून पुन्हा मोजावे. समजा, प्रथम १ व्होल्ट आले व रोधक लावल्यावर ०.७५ आले. घट ०.२५ ची झाली. तिला ०.७५ ने भागून ३३ ने गुणल्यास ११ ओहम येतात. हा लॅपटॉपचा अंतर्गत इंपीडन्स होय. तो हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा संकेत आहे. ३०० ओहमच्या एका हेडफोनला ११ ओहम नगण्य आहेत. वर सांगितलेल्या वीस हेडफोनांच्या ३० ओहमला मात्र ते जास्त आहेत. पाव भागाहून थोडे अधिक व्होल्टेज लॅपटॉपमध्येच अडकेल, आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरेल आणि निरनिराळ्या वारंवारतांचा तोलही किंचित ढळेल. अशा वेळी वीसऐवजी पाच हेडफोन जोडावेत, भार १२० ओहम होईल. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना गुणगुण ऐकू येत असेल तर खोलीतील अर्थिंग तपासून घ्यावे. अ‍ॅम्प्लिफायर ती गुणगुण घालवत नाही, उलट मोठी करतो. आणि कमाल पातळीचा स्वर वाजत असताना हेडफोन कोणाच्याही कानावर नसावा.