मोबाईलमधील कॅलरींचे गणित

आज अनेक माजी विद्यार्थी व पालक दिवसअखेर मोबाईलवर पावलांचा आणि खर्च झालेल्या कॅलरींचा हिशोब पाहतात. हा आकडा कसा तयार होतो, हे जाणून घेतल्याशिवाय त्यावर विसंबणे विवेकाला धरून नाही.

शरीराने खर्चिलेली ऊर्जा प्रत्यक्ष मोजणे अवघड असते. फ्रान्समध्ये लाव्हाझिए व लाप्लास यांनी १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि वितळलेल्या बर्फावरून त्याच्या शरीराची उष्णता मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस राहू शकेल अशी बंदिस्त खोलीच त्यासाठी उभारली. मोबाईल यांपैकी काहीही करीत नाही. त्यातील संवेदक केवळ हालचाल टिपतो. ॲप त्यावरून चालणे किंवा धावणे ओळखते आणि आपण नोंदविलेल्या वजनाच्या आधारे अंदाज बांधते.

या अंदाजामागील गणित सोपे आहे. विश्रांतीत शरीर दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी खर्च करते. या प्रमाणास १ मेट म्हणतात. व्यवहारात आपण जिला कॅलरी म्हणतो, ती हीच किलोकॅलरी. सपाट रस्त्यावर ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालणे साधारण ३.५ मेटचे धरतात. म्हणून ६० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास चालली, तर ३.५ × ६० × ०.५ = १०५ कॅलरी होतात. त्यांतील ३० तर स्वस्थ बसूनही खर्च झाल्या असत्या.

या गणितात कष्टाची नोंद मात्र अपुरी राहते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी आई आणि मोकळ्या हाताने फिरणारा गृहस्थ यांच्या पावलांतील फरक मोबाईलला उमगत नाही. फोन बांधावर पिशवीत राहिला, तर दिवसभराची खुरपणी शून्य ठरते. नाडीचे ठोके मोजणारी मनगटी उपकरणेही निर्दोष नाहीत. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले.

तेव्हा या आकड्याचा उपयोग आपल्या कालच्या चालण्याशी आजचे चालणे ताडून पाहण्यापुरता करावा. किशोरवयीन मुलामुलींनी त्यावरून ताटातील भाकरी कमी करू नये. वाढत्या शरीराची गरज त्या यंत्राला कळत नाही. तसेच कष्टकरी आईबापांच्या श्रमाचे मोजमापही त्या पडद्यावर शोधू नये.