भाग: पुण्यातला खाऱ्या पाण्याचा टँक – आकडा नको, कारण पकडा

आजचा विषय आहे घरातला समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्याचा रीफ टँक. तोही पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर. नेहमीप्रमाणे ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा भाग लिहून देतेय.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे मला सवय एकच: एरर दिसली की आधी लॉग बघायचा, लगेच कोड बदलायचा नाही. नव्या टँकमध्ये लोक नेमकं उलटं करतात. आकडा चुकला की बाटलीतलं काहीतरी ओततात. मासे बहुतेक वेळा मरतात ते या गडबडीत. म्हणून आज आकडे कमी आणि ते का हलतात हे जास्त.

सुरुवात नळापासून

महापालिकेचं पाणी येतं खडकवासला साखळीतून: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. ते तुलनेने मऊ असतं, पण त्यात क्लोरिन असतो. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातून येतं, म्हणजे क्षार भरपूर; नळावरचे पांढरे डाग आठवा. आणि अनेक सोसायट्यांच्या टाकीत महापालिका, बोअर, टँकर असं तिन्ही एकत्र येतं. आज जे पाणी आहे ते उद्या असेलच असं नाही. सुरुवातच रोज बदलत असेल तर पुढचं काहीच पकडता येत नाही.

म्हणून आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिन. "घरी प्युरिफायर आहे की!" आहे, पण त्यातले बरेचसे चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवतात किंवा परत मिसळतात. आपल्याला टीडीएस मीटरवर शून्य हवंय. आणि साठा बुधवारीच करून ठेवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असू शकतं आणि शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" हे तर आपल्याला पाठच आहे.

क्षारता: मीठ उडत नाही

या शून्य पाण्यात सॉल्ट मिक्स घालून 35 पीपीटी गाठायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर ते साधारण 1.026 दिसतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात समुद्राचं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.

आता पुण्याचा एप्रिल: कोरडी हवा, वर पंखा. समजा 200 लिटरच्या टँकमधून रोज 2 लिटर पाणी उडतंय. उडतं ते फक्त पाणी, मीठ जागेवरच राहतं. आठवडाभर कुणी बघितलं नाही तर 14 लिटर कमी होतात आणि 35 चं 37.6 होतं. तेव्हा टॉप-अप नेहमी गोड्या, म्हणजे आरओ-डीआय पाण्याने, आणि रोज थोडं थोडं. गावाला जाणार असाल तर फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप हा बहुतेक महागड्या दिव्यांपेक्षा उपयोगाचा.

पहिले चार ते सहा आठवडे

या काळात आपण मासे पाळत नाही, जिवाणू पाळतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दुसरी टोळी उशिरा येते, म्हणून मध्ये नायट्राइट वर चढतं. ते दिसलं की घाबरू नका, काम चालू आहे.

मासा टाकून सायकल करायची नाही. अमोनियाने त्याचे कल्ले जळतात. शिवाय पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त, आणि समुद्राचं पाणी आठच्या वरच असतं. त्याऐवजी अमोनियम क्लोराइडने 2 पीपीएम अमोनिया द्या आणि मोजत राहा. तेवढा अमोनिया 24 तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, ही आपली पासिंग टेस्ट. तोवर नायट्रेट मोजू नका. नायट्राइट असताना ते किट खोटा, फुगलेला आकडा दाखवतं. मधेच काचेवर तपकिरी थर आला तर तो डायटम. नव्या टँकमध्ये येतो आणि बहुधा आपला आपण जातो.

अल्कलिनिटी आणि पीएच

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. 8 ते 9 डीकेएच ठेवा, पण 7.5 वर स्थिर असेल तरी छेडू नका. खरंच वाढवायची असेल तर 200 लिटरला 1 डीकेएच साठी साधारण 6 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. आरओ पाण्यात विरघळवून हळूहळू द्या. दिवसाला यापेक्षा जास्त नाही.

पीएचची गंमत वेगळी. एसी लावून खिडक्या बंद, खोलीत चार माणसं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच 7.8 पर्यंत उतरतो. लोक लगेच पीएच वाढवायचं औषध आणतात. त्याआधी एक करा. टँकचं ग्लासभर पाणी गॅलरीत ठेवून एअर पंपाने तासभर हवा द्या आणि परत मोजा. वाढला? मग पाणी ठीक आहे, खिडकी उघडा.

आणि प्रवाळ?

इथे स्पष्ट बोलते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये रीफ बांधणारे सगळे प्रवाळ आहेत, समुद्रपंखेही आहेत. म्हणजे कायद्याने जे संरक्षण वाघाला, तेच त्यांना. "सगळे ठेवतात" हे उत्तर नाही. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉकसुद्धा बहुतेकदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. सिरॅमिकचा खडक घ्या आणि हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश मागा. आपल्या ऐरोलीतही क्लाउनफिशची हॅचरी आहे.

याचा रसायनाशी थेट संबंध आहे. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी भराभर संपवणारे असतात ते दगडी प्रवाळ. ते नसतील तर खप अगदी थोडा, कोरलाइन शेवाळापुरता. मग रोजच्या डोसिंगची गरजच उरत नाही. आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं की नव्या मिठातून लागेल तेवढं परत येतं. बाटल्यांचे पैसे वाचवून मालवणला जा. तिथलं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना खरे प्रवाळ दिसतात. बघा, पाय ठेवू नका.

थोडक्यात

रोज: तापमान 25-26 अंश, पाण्याची पातळी. आठवड्याला: क्षारता, अल्कलिनिटी, नायट्रेट. सगळं तारखेसकट वहीत किंवा शीटमध्ये. एक आकडा विचित्र आला तर परत मोजा. दोनदा आला तर मागच्या आठवड्यात काय बदललं ते शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा.

पुढच्या भागात वीज गेल्यावर टँक किती तास तग धरतो आणि आधी काय चालू ठेवायचं, ते बघू. तोवर मोजत राहा. भेटूच!