काट्यावरचा आकडा आणि आपण



गळीत हंगाम सुरू झाला की पारावर, सोसायटीच्या ओट्यावर एकच विषय निघतो, तो म्हणजे काटा. कारखान्याच्याच पत्रकाने काट्याबद्दल लिहावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. ज्या आकड्यावर वर्षाचे बिल ठरते, त्याची माहिती घरच्या पत्रकातून नाही मिळायची तर कुठून?

पूर्वीचा काटा दांडीचा. कारकून दांडीवरचे वजन सरकवायचा, दांडी समतोल झाली की आकडा वाचायचा, आणि गाडीवान खिडकीतून मान घालून ते बघायचा. आता गाडी उभी राहते त्या पाट्याखाली लोडसेल असतात. पोलादाचा हा तुकडा भाराखाली केसभर दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून यंत्र किलो दाखवते. तिथून आकडा संगणकात, पावतीवर, मोबाईलवर. डोळ्याला दिसण्यासारखे काही उरले नाही, म्हणून संशय वाढला. तो साहजिक आहे. डिजिटल म्हणजे चूक नाहीच, असे सांगणाऱ्यावर आमचाही विश्वास नाही.

पाट्याच्या फटीत माती-पाचट अडकले तर वजन चुकते. काटा मोकळा असताना शून्य दाखवत नसेल तरी चुकते. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोकळ्या गाडीचे वजन. ऊस उतरल्यावर गाडी पुन्हा काट्यावर न घेता जुनेच वजन धरले, आणि ते प्रत्यक्षापेक्षा जास्त असले, तर तेवढा ऊस फुकट गेला. 20 टनांच्या खेपेत शेकडा एक म्हणजे 200 किलो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने 710 रुपये झाले, एका खेपेला! तोडणी-वाहतूक त्यातून वजा जाते, ती वेगळीच.

वैध मापन शास्त्र खात्याने काट्याची दर वर्षी पडताळणी करून मोहोर मारायची असते. ते प्रमाणपत्र मागून बघा, तारीख वाचा. गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून आणली तरी त्यात गैर नाही. फक्त भरगाडीची तुलना भरगाडीशीच करा, आणि ड्रायव्हर दोन्हीकडे एक तर गाडीत तरी असावा, नाहीतर खाली तरी. मोठ्या काट्याचा आकडा बहुधा 5 किंवा 10 किलोंच्या टप्प्याने सरकतो, तेव्हा दहा-वीस किलोंच्या फरकाने भांडण काढू नये. पण फरक दर खेपेला एकाच बाजूला पडत असेल, तर पावत्या जपून ठेवा आणि लेखी विचारा.

विचारण्याचा हक्क कुणाच्या मेहरबानीचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 प्रमाणे ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि संस्थेशी झालेल्या आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला विनामूल्य पाहता येतात. किती जणांनी हा हक्क वापरला? वार्षिक सभेत काट्याचा प्रश्न निघतो तो जेवणाची वेळ झाल्यावर, आणि मागून 'मंजूर, मंजूर' सुरू होते. प्रश्न लेखी आणि सभेआधी द्यावा. मग उत्तरही इतिवृत्तात येते, आणि पुढच्या वर्षी तेच पान काढून दाखवता येते.

आता मोबाईलचे. वजनाचा मेसेज येतो खरा, पण कुणाच्या फोनवर? कित्येकांचा नोंदवलेला नंबर पुतण्याचा किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा असतो. आई-वहिनींच्या नावावर शेअर असतात आणि त्यांना मेसेजचा पत्ताच नसतो. नंबर गट ऑफिसात स्वतः जाऊन बदलून घ्या. ऊसबिल जमा करण्यासाठी म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो फोन आपल्या माणसाचा नाही असे समजून ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरवर तक्रार नोंदवा.