दूरच्या सर्व्हरावर फाइल पोंचत नाहीं तेव्हां

एखाद्या वर्गाचें, मंडळाचें किंवा कचेरीचें सामाईक काम ज्या संगणकावर ठेवितात त्यास सर्व्हर म्हणतात. हा संगणक बहुधा आपल्या गांवांत नसतो. कधीं कधीं तो आपल्या देशांतही नसतो. आपल्या पुढ्यांतील यंत्रावरून त्याजकडे फाइल सुरक्षितपणें धाडण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे तिला एस्. एस्. एच्. हें नांव आहे, व तिच्या आश्रयानें चालणाऱ्या फाइलींच्या वाहतुकीस एस्. एफ्. टी. पी. म्हणतात. ही वाहतूक अडली म्हणजे मनुष्य गोंधळतो, आणि गोंधळलेला मनुष्य जे उतावीळ उपाय करितो त्यांचीं फळें त्या सर्व्हरावर काम ठेवणाऱ्या इतरांसही भोगावीं लागतात. म्हणून ती कोठें अडते व अडलेली जागा कशी ओळखावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आरंभीं थोडा इतिहास. जाळ्यावरून फाइल धाडण्याचे नियम प्रथम १९७१ सालीं अभय भूषण यांनीं लिहून काढिले. अलाहाबादचे हे गृहस्थ कानपूरच्या आय्. आय्. टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून त्या वेळीं अमेरिकेंत एम्. आय्. टी. या संस्थेंत होते. त्यांच्या नियमांस एफ्. टी. पी. म्हणतात. त्या काळीं जाळ्यावरील यंत्रें मोजकीं होतीं. त्यामुळें परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत तारेवरून जाई, व त्यांत कोणास वावगें वाटत नसे. पुढें जाळें जगभर पसरलें आणि वाटेंत कान लावून बसणारेही वाढले. १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथील तंत्रविद्यालयाच्या जाळ्यावर असेच परवलीचे शब्द चोरीस गेले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनीं त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षीं एस्. एस्. एच्. रचिलें. सर्व्हरावर प्रत्येक कामास क्रमांक दिलेला दरवाजा असतो, त्यास पोर्ट म्हणतात. एफ्. टी. पी.चा दरवाजा २१, टेलनेट या दुसऱ्या जुन्या उघड्या रीतीचा २३. मधला २२ रिकामा होता, तो युलोनेन यांनीं मागितला व त्यांस तो दुसऱ्याच दिवशीं मिळाला. आजही या रीतीचा नेहमींचा दरवाजा तोच आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. फाइल अडली असतां प्रथम विचारावयाचा प्रश्न एकच: ती कोठपर्यंत जाऊन अडली? कोणी मनुष्य हातीं पत्र घेऊन परगांवीं निघाला आहे असें समजा. त्यास रस्ता मोकळा हवा. ज्या घरीं तो पोंचला तें घर खरोखर त्याच गृहस्थाचें हवें. दारावरील पहारेकऱ्यानें त्यास ओळखिलें पाहिजे. आणि आंत गेल्यावर ज्या कपाटांत पत्र ठेवावयाचें तें उघडण्याचा त्यास अधिकार हवा. या प्रत्येक ठिकाणीं मिळणारा नकार निराळ्या शब्दांत येतो. पडद्यावर आलेली इंग्रजी ओळ न वाचतांच खिडकी बंद करण्याची संवय पुष्कळांस असते. ती सोडली तरी निम्मा रोग कळून येतो.

रस्त्याचें प्रकरण सोपें आहे. 'कनेक्शन टाइम्ड आउट' असें आलें, तर पलीकडून उत्तरच आलें नाहीं. पत्ता चुकला असेल, किंवा मधल्या फायरवॉलनें आपली हांक गिळून टाकिली असेल. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' हें त्याहून बरें लक्षण होय. कारण तेथें यंत्र सांपडलें, परंतु त्या क्रमांकाच्या दरवाजामागें कोणी बसलेलें नाहीं असा त्याचा बहुधा अर्थ होतो. अशा वेळीं दरवाजाचा क्रमांक तपासावा, कारण कांहीं व्यवस्थापक २२ सोडून दुसराच क्रमांक घेतात. शाळा, वसतिगृहें व हॉटेलें यांच्या वाय-फायवर हा दरवाजा पुष्कळदां मुद्दाम बंद ठेविलेला असतो. फोनच्या इंटरनेटवरून एकदां प्रयत्न करून पाहिल्यास दोष आपल्याकडचा कीं पलीकडचा हें दोन मिनिटांत ठरतें.

घराची ओळख पटविण्याचा प्रसंग याहून नाजूक आहे. प्रथम जोडणी करितांना सर्व्हर आपल्या किल्लीचा ठसा दाखवितो व आपलें यंत्र तो टिपून ठेवितें. पुढें कधीं हा ठसा बदलला, तर मोठ्या अक्षरांत भीतिदायक इशारा येतो आणि जोडणी थांबते. याचें कारण साधेंही असूं शकेल. सर्व्हर नवा बसविला असेल. पण मध्येंच कोणी तोतया बसून आपला माल लुबाडीत असेल, तरीही इशारा हाच येतो, आणि नुसत्या इशाऱ्यावरून या दोहोंतील भेद कळत नाहीं. जुनी नोंद खोडून पुढें जावें, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मतें हा सल्ला अर्धाच आहे. नोंद खोडावी, परंतु त्यापूर्वीं व्यवस्थापकास टेलिफोन करून नवा ठसा विचारावा व तो अक्षरशः ताडून पहावा.

यानंतर पहारेकरी. येथें 'परमिशन डिनाइड' हे शब्द येतात, व सर्वांत जास्त वेळ येथेंच खर्च होतो. नांव चुकलें, परवलीचा शब्द चुकला, किंवा त्या नांवाचा मनुष्यच सर्व्हरावर नाहीं, अशा तिन्ही प्रसंगीं उत्तर हेंच. हा मुकेपणा हेतुपुरस्सर आहे. कोणतीं नांवें खरीं आहेत हें चोरास कळूं नये म्हणून तो राखिलेला असतो. खरें कारण सर्व्हराच्या रोजनाम्यांत लिहिलेलें असतें, आणि तो व्यवस्थापकासच वाचतां येतो. त्यास विचारतांना 'चालत नाहीं' एवढेंच न कळवितां, किती वाजतां कोणत्या नांवानें प्रयत्न केला तें कळवावें. म्हणजे त्यास ती ओळ चटकन् सांपडते.

परवलीच्या शब्दाऐवजीं किल्ल्यांची जोडी वापरणें अधिक सुरक्षित. तिच्यांतील एकीस सार्वजनिक किल्ली म्हणतात, पण हें नांव फसवें आहे. ती वस्तुतः कुलूप आहे. कुलूप सर्व्हरावर ठेवावयाचें आणि खाजगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर कधींही जाऊं द्यावयाची नाहीं. घाईंत नेमकी खाजगी किल्लीच व्यवस्थापकास ई-मेलनें धाडिली जाते. तसें झाल्यास ती जोडी टाकून देऊन नवी करणें हाच मार्ग. दुसरी एक अडचण सहज सुचत नाहीं. पुष्कळ किल्ल्या बाळगणाऱ्याचें यंत्र त्या एकामागून एक पुढें करितें, आणि नेहमींच्या मांडणींत सर्व्हर सहा प्रयत्नांनंतर दार लावून घेतो. योग्य किल्ली सातवी असली तर तिची पाळीच येत नाहीं! कोणती किल्ली वापरावयाची हें स्पष्ट नेमून दिलें म्हणजे ही अडचण नाहींशी होते. काल चालणारी किल्ली आज चालेनाशी झाली, तर सर्व्हरावरील प्रोग्राम नवा झाला असण्याचा संभव ध्यानांत घ्यावा. ओपन-एस्. एस्. एच्.नें २०२१ सालीं सह्या करण्याची एक जुनी, कमकुवत रीत सहसा स्वीकारावयाची नाहीं असें ठरविलें. तेव्हां आपलाच प्रोग्राम नवा करून घ्यावा, सर्व्हरास जुन्या रीतीकडे परत ओढूं नये.

येथें एका लोकप्रिय उपायाविषयीं लिहिणें भाग आहे. सर्व्हरावरील प्रत्येक फाइलीस तीन अंकी परवाना असतो: पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १ अशी बेरीज करून तो अंक बनतो. कांहीं अडलें कीं सर्वांस ७७७ देऊन टाकावे, असें कोणी तरी सांगतोच. म्हणजे घराचीं दारें, कपाटें व पेट्या सताड उघड्या. सामाईक सर्व्हरावर याचा अर्थ, कोणाही परक्यानें आपल्या सोबत्यांचें काम वाचावें, बदलावें किंवा पुसावें. गंमत अशी कीं, या उदारपणानें काम होत नाहीं तें नाहींच. आपला मूळ फोल्डर किंवा कुलुपांची यादी दुसऱ्या कोणास बदलतां येण्याजोगी असेल, तर त्या यादीवर विश्वास ठेवण्यास सर्व्हर साफ नाकारतो आणि खऱ्या मालकासही बाहेर ठेवितो. त्या यादीस ६०० व तिच्या फोल्डरास ७०० हे अंक योग्य होत.

चुकीचा परवलीचा शब्द पुनः पुनः ठोकण्यानेंही असाच इतरांस त्रास होतो. वारंवार चुकणाऱ्या पत्त्यास कांहीं काळ बंदी करणारे फेल-टू-बॅन यांसारखे प्रोग्राम पुष्कळ सर्व्हरांवर असतात. त्याच्या मूळ मांडणींत दहा मिनिटांत पांच चुका झाल्या कीं दहा मिनिटांची बंदी येते. एका शाळेंतील सर्व यंत्रें बाहेरच्या जगास बहुधा एकाच पत्त्यानें दिसतात. तेव्हां चुकतो एक विद्यार्थी आणि दार बंद होतें सबंध वर्गास. शिवाय 'परमिशन डिनाइड' जाऊन एकाएकीं रस्त्याच्या दोषाचे शब्द येऊं लागल्यामुळें शोधणाराही भलत्या दिशेस जातो.

ओळख पटली, आणि तरीही वाहतूक सुरू होत नाहीं, असा एक विलक्षण प्रसंग आहे. 'संदेश फार लांब आला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते व पुढें १४६६२६४६७५ ही संख्या. या संख्येंतच उत्तर दडलेलें आहे. प्रत्येक संदेशाचीं पहिलीं चार स्थानें त्याची लांबी सांगतात असा नियम आहे. कोणी सर्व्हरावरील आपल्या आरंभ-फाइलींत 'वेलकम' असें स्वागत लिहून ठेविलेलें असतें, व त्याचीं पहिलीं चार रोमन अक्षरें, म्हणजे संगणकाच्या हिशेबानें ८७, १०१, १०८ व ९९, लांबी समजून वाचलीं जातात. एका संदेशाची मर्यादा २५६ किलोबाइट. हा तर दीड अब्जाच्या घरांत! स्वागत काढून टाकावें, कीं काम सुरळीत चालतें.

आंत गेल्यानंतरचे नकार बहुधा अधिकाराचे असतात. 'परमिशन डिनाइड' हेच शब्द येथें पुनः भेटतात, पण या वेळीं त्यांजबरोबर फाइलीचें नांव असतें. त्यावरून पहारेकऱ्याचा नकार व कपाटाचा नकार हे वेगळे ओळखावे. सामाईक फोल्डरांत एकानें ठेविलेली फाइल दुसऱ्यास वाचतां येते पण दुरुस्त करितां येत नाहीं, ही नित्याची तक्रार आहे. पुष्कळ सर्व्हर नव्या फाइलीस ६४४ हा परवाना देतात, त्यांत गटास केवळ वाचण्याची मुभा असते. सर्व सोबत्यांचा एक गट करून, फोल्डरांत येणारी प्रत्येक फाइल त्या गटाची व्हावी आणि गटास लिहितां यावें, अशी सोय व्यवस्थापकाकडून करून घ्यावी. एकच परवलीचा शब्द सर्वांनीं वांटून घेणें ही सोय नव्हे. त्यानें कोणी काय पुसलें हें कधींच कळत नाहीं.

नुसतें 'फेल्युअर' आलें तर जागा संपली आहे काय तें पहावें, प्रचारांतील एस्. एफ्. टी. पी.मध्यें जागा संपल्याचा स्वतंत्र शब्दच नाहीं. 'अशी फाइल नाहीं' असें आलें तर नांवाची लिपी नीट पहावी. रोमन मोठें व लहान अक्षर बहुतेक सर्व्हरांस निरनिराळें वाटतें. मराठी नांवांत आणखी एक मौज आहे: 'दुसऱ्या' यांतील 'ऱ' एक अक्षर म्हणून लिहितां येतो, किंवा साधा 'र' व त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें जोडूनही. डोळ्यांस दोन्ही सारखींच, सर्व्हरास मात्र दोन वेगळीं नांवें. सामाईक कामांत फाइलींचीं नांवें लहान रोमन अक्षरांत ठेवणें सोयीचें पडतें.

फाइल पोंचली असें दिसलें तरी ती पुरी पोंचली काय, हें निराळें पहावें लागतें. मध्येंच वीज गेली तर अर्धी फाइल पूर्ण नांव धारण करून तेथें बसते, आणि सोबती तीच उघडतो. दोन्हीकडच्या फाइलींचा एस्. एच्. ए. २५६ या रीतीनें ६४ अक्षरी ठसा काढून ताडला म्हणजे शंका उरत नाहीं. त्याहून सोपी युक्ति अशी कीं, फाइल प्रथम तात्पुरत्या नांवानें चढवावी व पुरी झाल्यावर तिला खरें नांव द्यावें. नांव बदलण्यास क्षणाचाही विलंब लागत नाहीं, त्यामुळें अर्धी फाइल कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. मात्र त्या नांवाची जुनी प्रत तेथें असल्यास कांहीं प्रोग्राम नांव बदलण्यास नकार देतात, व तोही त्याच मोघम 'फेल्युअर' शब्दानें. अशा वेळीं जुन्या प्रतीस आधीं दुसरें नांव देऊन मग नवीस तिच्या जागीं आणावें.