पाठ वाचणारा तळहात

खराट्याच्या दोन काड्या घ्या. त्यांच्या टोकांमध्ये तीन सेंटीमीटर अंतर ठेवा आणि घरातल्या कुणाला डोळे मिटायला सांगून त्या एकाच वेळी पाठीवर टेकवा. किती काड्या टेकल्या म्हणून विचारा. बहुधा उत्तर येईल, ‘एक’. मग मधलं अंतर जेमतेम तीन मिलिमीटरवर आणून त्याच काड्या बोटाच्या टोकावर टेकवा. आता तोच माणूस बहुधा ‘दोन’ म्हणेल.

दोन स्पर्श वेगळे ओळखायला बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात, पाठीला मात्र साधारण चार सेंटीमीटर लागतात. म्हणजे आपलीच पाठ आपल्याला नीट ठाऊक नसते! मालिश करणाऱ्याची विद्या या फरकावर उभी आहे. पालथा पडलेला माणूस ‘इथं, नाही, जरा खाली, अजून डावीकडं’ असं चाचपडत सांगत असतो, तोवर मालिशवाल्याचा अंगठा नेमक्या जागी जाऊन थांबलेला असतो.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ही विद्या तालमीत वाढली. इथली कुस्ती राज्याची सीमा जुमानत नाही. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. 1959 साली त्यांनी तो किताब मिळवला, त्यामागची मेहनत कोल्हापूरच्या तालमीतली होती. आजही या भागातली पोरं तांबड्या मातीसाठी दोन्हीकडं ये-जा करतात.

तालमीत मालिशचा वेगळा वर्ग नसतो. जोर-बैठका, लढती आटोपल्या की धाकटे पठ्ठे थोरल्यांचं अंग रगडायला घेतात. पोटरीवर दोन्ही तळहात टाचेकडून वर, हृदयाच्या दिशेनं सरकतात. पाठीवर अंगठे मणक्याच्या दोन्ही कडांनी चालतात, हाडावर जोर द्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. मांडीला कोपर लागतं. गडी फारच भारी असला आणि हाताचा जोर पुरेना, तर पोरगं भिंतीचा आधार घेऊन पायानं तुडवतं. असं रोज, वर्षानुवर्षं. शिवाय रगडणारा स्वतः लढत असतो, त्यामुळं धोबीपछाड मारताना खांदा कुठं ओढला जातो हे त्याला स्वतःच्या खांद्यावरून कळलेलं असतं. शरीर शिकण्याची इतकी सखोल शाळा मला दुसरी दिसत नाही. वय झालं की कुस्ती सुटते, हात मात्र तयार राहतो, आणि मग गावातले पाठ धरलेले, मान अवघडलेले लोक त्याच्याकडं येऊ लागतात. निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांचे खांदे भरून येतात, ते चोळणाऱ्या बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या बायकाच. तिथं विद्या तीच, फक्त तालीम नाही.

या तयार हातात असतं तरी काय? एका तळहातात स्पर्शाच्या सुमारे 17 हजार मज्जातंतूंची टोकं दाटीनं बसलेली असतात. 2013 साली स्टॉकहोममध्ये झालेल्या प्रयोगात असं दिसलं की पृष्ठभागावरून बोट फिरवताना माणसाला अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीचे उंचवटेही कळतात. केसाची जाडी याच्या काही हजारपट असते. वर तेलाची जोड. तेलानं कातडीचा खरखरीतपणा मधून निघून जातो आणि खालचा आखडलेला स्नायू हाताला थेट लागतो.

स्पर्शातला दाब पेशीला कळतो कसा, हे कोडं आत्ताआत्ता सुटलं. शास्त्रज्ञ आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या सूक्ष्म नळीनं एकेका पेशीला टोचून पाहिलं. 72 संशयित जनुकं निवडली आणि एकेक बंद करत गेले. ज्या जनुकाशिवाय पेशी टोचण्याला उत्तरच देईना, ते सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात दारासारखं बसलेलं असतं. आवरण ताणलं गेलं की दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. याच शोधासाठी 2021 सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. या कुळातलं दुसरं प्रथिन, पिझो-2, ज्यांच्या शरीरात जन्मतःच काम करत नाही, त्यांचे डोळे बांधले तर त्यांना धड चालता येत नाही. आपले हातपाय कुठं आहेत हेसुद्धा आपल्याला याच दारांतून कळतं!

रगडून घेणाऱ्याच्या स्नायूत काय होतं, याबद्दलची एक समजूत मात्र सोडायला हवी. मालिशनं थकव्याचं आम्ल, म्हणजे लॅक्टिक ॲसिड, पिळून निघतं असं सर्रास सांगितलं जातं. 2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे कण काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडात फरक नव्हता. पण मालिश झालेल्या मांडीत दाह वाढवणारे संदेश मंदावले होते आणि पेशीतली ऊर्जाकेंद्रं नव्यानं घडवणारे संदेश वाढले होते. प्रयोग लहान आहे, तरी बाहेरून दिलेला दाब पेशीच्या आतल्या कारभारापर्यंत पोचतो ही गोष्ट मला पिळून निघणाऱ्या आम्लापेक्षा कितीतरी अद्भुत वाटते.

आणि पाठ? ती तपशिलात कच्ची असली तरी तिच्याकडं वेगळीच देणगी आहे. लव असलेल्या कातडीत अतिशय संथ मज्जातंतू असतात, त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर जातो. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार स्पर्शाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. कुठं लागलं हे ते नीट सांगत नाहीत. बरं वाटलं, एवढं मात्र मेंदूला कळवतात.

बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते, नडग्यांवर बाळाला पालथं घेते आणि कोमट तेलाचा हात मानेपासून कुल्ल्यांपर्यंत फिरवते, तेव्हा तिचा वेग बहुधा हाच असतो. 1986 साली संशोधक टिफनी फील्ड यांनी अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश दिली. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वेगानं वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. नुसतं हलकं कुरवाळून तसा फायदा होत नाही, थोडा दाब लागतो, हे त्यांच्या पुढच्या अभ्यासांत दिसलं. आपल्या बायकांचा हात तसा दाबाचाच असतो.

चरकसंहितेत अभ्यंगाची महती सांगताना म्हटलं आहे की वायूचं प्राबल्य स्पर्शेंद्रियात आहे आणि त्याचं ठिकाण त्वचा, म्हणून तेल त्वचेला लावावं. बेळगावात शहापूरला 1933 पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथं अभ्यंग ग्रंथातून शिकतात, तालमीत अंगावरून. दोन्हीकडं जाणता हात ओळखायची एक खूण मला पक्की वाटते. एकच पोटरी सुजलेली, ताणलेली आणि दुसरीपेक्षा गरम लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात जायची भीती असते. हाड मोडलेलं असलं किंवा अंगात ताप असला, तरीही रगडायचं नसतं. अशा वेळी जाणता मालिशवाला तेलाची वाटी बाजूला ठेवतो आणि सांगतो, “अण्णा, ह्याला चोळायचं नाही. आधी दवाखान्यात जावा.”