छायाचित्रापूर्वीची व नंतरची मांडणी : अजिंठ्याच्या चित्रांच्या संदर्भात

छायाचित्र हा पुरावा मानण्याची सवय अध्यापनक्षेत्रात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः दृश्याची मांडणी छायाचित्र घेण्यापूर्वीच सुरू होते व नंतरही चालू राहते. पुंडलिकनगरसारख्या वसाहतीतील फोटो स्टुडिओत पासपोर्टसाठी फोटो काढताना मागे पांढरा पडदा लावला जातो, हनुवटी सरळ करून घेतली जाते आणि पुढे संगणकावर चेहऱ्यावरचा एखादा डागही पुसला जातो. त्यात कोणी फसविले जाते असे म्हणता येत नाही. हीच क्रिया सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याच्या भिंतींबाबत घडली म्हणजे मात्र प्रश्न गंभीर होतो.

मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुसंख्य १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या काळातील काचेच्या ओल्या पट्ट्या निळ्या प्रकाशाला तीव्र प्रतिसाद देत, तांबड्याला मात्र जवळजवळ देतच नसत. परिणामी गेरूचा रंग काळपट व निळा फिकट उमटे. म्हणजे काहीही न हलविता रंगांचे परस्परसंबंध बदलून जात.

याहून दूरगामी बदल भिंतीवरच झाला. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी नकलांचे दीर्घ काम केले. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश देण्यात आले. पुढे निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२० नंतर संरक्षणासाठी लाखेचा थर दिला. हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु असे थर कालांतराने पिवळट-तपकिरी होतात. गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचे भाग १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले, तेव्हा कॅमेऱ्यापुढे हीच भिंत होती. छायाचित्रकाराने काहीही बदलले नव्हते; दृश्यच आधी बदललेले होते.

क्रिमियाच्या युद्धातील रॉजर फेंटन यांच्या १८५५ च्या दोन छायाचित्रांत एकाच रस्त्यावर तोफगोळे एकदा दिसतात, एकदा दिसत नाहीत. तेथे निदान दोन्ही चित्रे शेजारी ठेवून तुलना करता येते. अजिंठ्याच्या बाबतीत व्हार्निशपूर्वीचे रंगीत छायाचित्र उपलब्धच नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुढे रासायनिक प्रक्रियेने काजळी व लाखेचे थर अनेक ठिकाणी काढले. त्यामुळे एकाच चित्राचे रंग दोन पुस्तकांत भिन्न दिसतात, आणि हा छपाईचा दोष समजून वाचक पुढे जातो.

छायाचित्रानंतरचा बदल अलीकडे संगणकाने सोपा केला. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तीव्र दिवे न वापरता, अत्यल्प प्रकाशात ही चित्रे टिपली. तो मार्ग दृश्याला कमीत कमी स्पर्श करणारा होता. नाशिकचे प्रसाद पवार यांनी छायाचित्रांच्या आधारे चित्रांचे संगणकीय पुनर्निर्माण हाती घेतले. गळून गेलेला भाग भरून काढणे हेच तेथे जाहीर उद्दिष्ट असल्याने ते आक्षेपार्ह ठरत नाही. अडचण पुढे उद्भवते. भरलेली प्रतिमा मूळ नोंदीपासून सुटी होऊन वर्गात पोहोचते आणि विद्यार्थी तिच्यावरून पाचव्या शतकातील रंगयोजनेविषयी विधान करतो.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास चिकटविले जाते. ते कोणत्या साली, कोणत्या प्रकाशात, स्वच्छतेपूर्वी की नंतर घेतले, ही ओळ त्याखाली क्वचितच आढळते.