कीर्ति, अपकीर्ति आणि विस्मृति

माहुलीस कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. तेथून निघालेली कृष्णा कऱ्हाडावरून सांगलीस येते आणि मिरजेच्या बाजूनें पुढें कर्नाटकांत जाते. एवढ्या टापूंत मराठ्यांच्या इतिहासांतील इतकीं माणसें झालीं कीं, त्यांची नुसती नामावळी द्यावयाची म्हटली तरी एक अंक पुरणार नाहीं. प्रस्तुत लेखांत त्यांपैकीं चौघांचींच अल्प चरित्रें दिलीं आहेत. एक सर्वांच्या तोंडीं असलेले, एक सर्वांनीं दूषिलेले, आणि दोघे असे कीं ज्यांचें नांव घेतलें असतां घरांतील तरुण मंडळींस "हे कोण?" असा प्रश्न पडावा. या चौघांना एकत्र बसविण्याचें कारण एवढेंच कीं, इतिहासांत कोणाच्या वाट्यास काय येतें आणि तें कशावरून ठरतें, याचा विचार त्यांच्या चरित्रांवरून चांगला करतां येतो.

रामशास्त्री प्रभुणे

माहुलीच्या रामशास्त्र्यांचें नांव ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. लहानपणीं ते विद्येवांचून राहिले, साताऱ्यास अनगळ सावकारांकडे नोकरीस होते, धन्याच्या पायांवर पाणी घालतांना त्याच्या कानांतील मोत्यांच्या भिकबाळीकडे पाहत राहिले, त्याबद्दल धनी टोंचून बोलला, आणि तें शल्य मनांत धरून ते काशीस गेले व शास्त्री होऊन परतले, अशी परंपरागत कथा आहे. पुढें ते पेशव्यांच्या दरबारीं न्यायाधीश झाले. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं चौकशी करून राघोबादादांस दोषी ठरविलें, या पापास देहान्त हेंच प्रायश्चित्त असें त्यांच्या तोंडावर सांगितलें, आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. या प्रसंगावर नाटकें झालीं, कविता झाल्या, १९४४ सालीं प्रभात कंपनीनें बोलपटहि काढला.

ही कीर्ति यथार्थ आहे, याविषयीं शंका नाहीं. परंतु ती एका प्रसंगापुरती उरली आहे. कारभाऱ्यांच्या हातीं सत्ता आल्यावर हेच रामशास्त्री परत पुण्यास आले आणि १७८९ सालीं मृत्यु येईपर्यंत न्यायासनावर काम करीत राहिले. वतनांचे तंटे, भाऊबंदांच्या वाटण्या, कर्जाचे दावे, दत्तकांचे वाद, असें हें रोजचें काम होतें. त्यावर नाटक होत नाहीं. पण सावकार आणि गरीब कुळ यांच्यामध्यें जो वर्षानुवर्षें निःस्पृहपणें बसला, त्यालाच त्या एका दिवशीं गादीपुढें तसें उभें राहतां आलें, हें मुलांस सांगितलें पाहिजे. केवळ शेवटचा बाणेदारपणा सांगितला तर तो आकाशांतून पडला असें त्यांस वाटेल.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रामशास्त्र्यांच्या नांवास चांगला लेखक लाभला. कॅप्टन ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून साताऱ्यास होता. त्यानें जुने कागद व बखरी जमवून मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि तो १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या इतिहासांत रामशास्त्र्यांविषयीं मोठ्या आदरानें लिहिलें आहे. पुढील शाळांतील पुस्तकांनीं तेथूनच तो प्रसंग उचलला. गुण मोठा असला तरी तो लिहून ठेवणारा भेटावा लागतो.

बाळाजीपंत नातू

आतां याच्या अगदीं उलट टोंकाचें नांव. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि ता. १७ रोजीं पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. त्या दिवशीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लावण्यांत बाळाजीपंत नातू पुढें होते, ही गोष्ट महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. एल्फिन्स्टनच्या विश्वासांतले ते गृहस्थ होते, आणि पुढें साताऱ्याच्या कारस्थानांतहि त्यांचें नांव येतें.

तें कारस्थान थोडक्यांत असें. कंपनी सरकारनें १८१८ सालीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें आणि ता. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. महाराज कर्तबगार निघाले. त्यांनीं रस्ते बांधले, शाळा काढली, छापखाना आणला. परंतु तहांतील हक्कांविषयीं त्यांचें आणि मुंबई सरकारचें पटेना. पुढें इंग्रजी पलटणींतील देशी अंमलदारांस फितविलें, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधलें, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार ठेवला, असे तीन आरोप त्यांच्यावर आले. अपराध कबूल करून सही करा, गादी राहील, असें गव्हर्नर कारनॅक यानें सांगितलें. महाराजांनीं सही केली नाहीं. ता. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांना पदच्युत करून पुढें काशीस धाडण्यांत आलें. तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला.

या प्रकरणांत रेसिडेंट ओव्हान्स यास नातूंनीं मदत केली, असा प्रतापसिंहांच्या पक्षाचा आरोप होता, आणि मराठी वाचकानें तो खरा मानला. स्वजनांविरुद्ध परक्यास साह्य करणाऱ्या माणसाची कोणी तरफदारी करावी असें मुळींच नाहीं. पण येथें एक विचार मनांत येतो. अपकीर्तीचें एक नांव सांपडलें कीं सगळा दोष त्याच्याच माथीं मारण्याची आपणांस संवय आहे. सही मागणारा गव्हर्नर, पुरावा गोळा करणारा रेसिडेंट, तो पुरावा उलटतपासणीवांचून मान्य करणारे विलायतेंतील डायरेक्टर, आणि भावाच्या गादीवर बसावयास तयार झालेले शहाजी ऊर्फ अप्पासाहेब, या सर्वांचीं नांवें आज किती घरांत घेतलीं जातात? एकट्या नातूंस शिव्या दिल्या म्हणजे राज्य कसें गेलें हें कळलें, असें समाधान आपण करून घेतों. वास्तविक राज्य एका माणसाच्या हातून जात नसतें.

रंगो बापूजी गुप्ते

याच प्रकरणाची दुसरी बाजू एका वकिलानें लढविली. रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभु देशपांड्यांच्या वंशांतले. महाराज पदच्युत झाल्यावर त्यांची दाद विलायतेंत मागण्यासाठीं ते समुद्र ओलांडून लंडनास गेले. त्या काळीं समुद्रप्रवास म्हणजे काय होतें, हें या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. तेथें ते थोडेथोडके नव्हे, सुमारें १४ वर्षें राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून भाषणें करावीं, पार्लमेंटाच्या सभासदांस गांठावें, अर्ज छापून वाटावे, हा त्यांचा उद्योग. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांसारख्या इंग्रजांनीं त्यांची बाजू उचलून धरली.

इतकें करून हातीं काय आलें? १८४७ सालीं ज्यांच्यासाठीं भांडावयाचें ते महाराजच वारले. १८४८ च्या एप्रिलांत अप्पासाहेबहि गेले, त्यांचा दत्तक नामंजूर झाला आणि सातारचें राज्य खालसा झालें. तरी हा वकील आणखी पांच वर्षें तेथेंच चिकाटीनें राहिला आणि १८५३ च्या अखेरीस, कर्जानें वांकलेला, स्वदेशीं परतला. १८५७ च्या धामधुमींत साताऱ्याच्या कटाचे ते सूत्रधार ठरले. कट फुटला. त्या वर्षीं सप्टेंबरांत साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला, कोणास फांसावर, कोणास गोळीनें, कोणास तोफेच्या तोंडीं. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हातीं लागले नाहींत. ते कोठें गेले, कोठें वारले, याचा पत्ता पुढें कोणासहि लागला नाहीं.

१९४८ सालीं प्रबोधनकार ठाकरे यांनीं प्रतापसिंह व रंगो बापूजी यांवर मोठा ग्रंथ लिहिला, हें त्यांचें ऋण मोठें आहे. तरीहि शनिवारवाड्यावरील निशाणाची गोष्ट दहा जणांस ठाऊक असेल, तर चौदा वर्षांच्या या वकिलीची एखाद्यासच. विश्वासघात एका क्षणाचा असतो म्हणून तो सांगावयास सोपा जातो. निष्ठा चौदा वर्षें चालली कीं ती सांगतांना कंटाळा येतो.

वासुदेवशास्त्री खरे

आतां नदीबरोबर खालीं सांगली-मिरजेकडे यावें. हा मुलूख पटवर्धनांचा. मूळ मिरजेची जहागीर. चुलत्या-पुतण्यांच्या कलहानंतर चिंतामणराव अप्पासाहेबांनीं १८०१ सालीं सांगलीस वेगळें ठाणें केलें. याच अप्पासाहेबांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, हें सर्वश्रुत आहे. पण सांगलीकर-मिरजकरांनीं महाराष्ट्रास नाटकाइतकीच मोलाची दुसरी एक वस्तु दिली, आणि ती म्हणजे त्यांचें दप्तर.

पटवर्धन सरदार सदैव स्वारीवर. पुण्यास त्यांचे वकील आणि कारकून असत. दरबारांत काय घडलें, कोण आलें, कोण रुसलें, फौज कोठें उतरली, धान्याचा भाव काय, सर्व बातमी ते पत्रांनीं कळवीत. अशीं हजारों पत्रें रुमालांत बांधलेलीं पडून होतीं. तीं उघडलीं मिरजेच्या हायस्कुलांतील एका संस्कृत शिक्षकानें.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ सालचा, गुहागरचा. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांजपाशीं त्यांनीं शास्त्राध्ययन केलें, कांहीं काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिकविलें, आणि मग मिरजेस आले ते कायमचे. त्यांनीं नाटकें लिहिलीं, काव्य लिहिलें, १८९२ सालीं नाना फडनविसांचें चरित्र लिहिलें. परंतु आयुष्याचें खरें काम म्हणजे 'ऐतिहासिक लेखसंग्रह'. दिवसा शाळेंत मुलांस शिकवावें आणि उरलेल्या वेळांत मोडी पत्रें वाचावीं, त्यांच्या तारखा लावाव्या, नकला कराव्या, क्रम जुळवावा, आणि मागचा-पुढचा संबंध वाचकांस कळावा म्हणून आपलें निवेदन जोडावें, असा हा उद्योग १८९७ पासून चालला. १९२४ सालीं ते वारले तोंपर्यंत त्याचे बारा भाग निघाले होते. पुढील भागांचें काम त्यांच्या चिरंजीवांनीं पाहिलें.

या कामाचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. बखर पुष्कळदां प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनीं आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. पत्र त्याच दिवसाचें असतें. पुढें काय होणार हें पत्र लिहिणाऱ्यास ठाऊक नसतें, म्हणून तो शहाणपणा मागाहून चिकटवूं शकत नाहीं. माधवराव पेशव्यांपासून उत्तर पेशवाईपर्यंतचा काळ आज अभ्यासकांस इतक्या बारकाईनें दिसतो, त्यांत खरेशास्त्र्यांच्या परिश्रमाचा वांटा फार मोठा आहे. रामशास्त्र्यांची कीर्ति काय, किंवा दुसऱ्या कोणाची अपकीर्ति काय, ती पारखून घ्यावयाची तर असेच कागद लागतात. आणि ज्यानें ते वाचून छापले त्याचें नांव, मिरज सोडली तर, आज कितीकांस ठाऊक आहे?

साताऱ्यास हेंच व्रत दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं चालविलें. त्यांनीं जमविलेला संग्रह पुढें १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला.

घरोघरचें कर्तव्य

हीं चरित्रें वाचून हळहळण्यापेक्षां दोन गोष्टी करतां येण्यासारख्या आहेत.

पहिली मुलांविषयीं. इतिहासांतील कोणाचीहि स्तुति वा निंदा घरांत निघाली कीं तीन प्रश्न विचारण्याची त्यांस संवय लावावी. हें कोणीं लिहिलें? घडल्यावर किती वर्षांनीं लिहिलें? आणि लिहिणारास तें कशावरून कळलें? यानें श्रद्धा कमी होत नाहीं. रामशास्त्री या तिन्ही प्रश्नांना पुरून उरतात.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांविषयीं. जुन्या वाड्यांतून माळ्यावर, कोठीच्या खोलींत, देवघराच्या फडताळांत अजूनहि रुमाल सांपडतात. वाडे पाडून इमारती होत आहेत, एकत्र कुटुंबें पांगत आहेत, मोडी वाचणारे आजोबा गेले आहेत. अक्षर लागत नाहीं म्हणून कागद रद्दींत जातो किंवा वाळवीच्या मुखीं पडतो. त्यांत फार तर जमाखर्च असेल, वाटणीपत्र असेल, एखाद्या लग्नाची याद असेल. असो. पटवर्धनांच्या कारकुनांनाहि आपण इतिहास लिहीत आहों असें वाटत नव्हतें. तो रुमाल उन्हाच्या कोरड्या दिवसांत एकदां सोडावा, पत्रांचा क्रम न मोडतां झटकावा, एखाद्या मोडी जाणणारास दाखवावा. घरीं ठेवणें शक्य नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे विचारावें. मंडळ १९१० सालापासून हेंच काम करीत आलें आहे.

रंगो बापूजींचा अंत कोठें झाला हें सांगणारा एखादा चिटोरा कदाचित् असाच कोणाच्या तरी माळ्यावर असेल. तो नसेलहि. पण रुमाल न सोडतांच रद्दीवाल्यास दिला, तर तो होता कीं नव्हता हें कोणासच कधीं कळणार नाहीं.